ओत्रांतोचे हत्ती, सेनिओचा बांध

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा इटलीला निघाले आहेत, रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिसचे आरक्षण झाले आहे आणि मधले चार दिवस मोकळे आहेत. “मावशी, तू इतकी वर्षे जातेस तिकडे. जिथे गर्दी नसते, जे कोणाला फारसे माहीत नाही, अशा पाच-सहा जागांची यादी पाठव ना,” ती म्हणाली. मी आनंदाने होकार दिला. इटलीबद्दल कोणी काही विचारले की मला जो उत्साह येतो तो घरच्यांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. त्याच रात्री मी वही घेऊन बसले, पाच नावे एकाखाली एक लिहिली, आणि त्या नावांकडे पाहता पाहता हात थांबला. दुसऱ्या दिवशीही ती यादी गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मुलीला मी कामाचे कारण सांगितले, पण मला सतावणारी गोष्ट वेगळी होती. ज्या गावांनी मला आयुष्यभर पुरेल इतके दिले, त्यांची नावे मी मोकळ्या चार दिवसांत बसवण्यासाठी कोणाच्या तरी हाती द्यायची का, आणि दिली नाहीत तर ती माझ्यापाशीच ठेवण्याचा मला काय अधिकार आहे, हा प्रश्न कामात असताना, भाजी निवडताना, झोपताना पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

माझी इटली मुळात जुन्या गोव्यात सुरू झाली. आम्ही कोल्हापूरचे. मे महिन्याच्या सुट्टीत घाट उतरून गोव्याला जाणे, मंगेशी आणि शांतादुर्गा करणे, आणि परतीच्या दिवशी जुन्या गोव्यातील चर्च पाहणे हा घरचा ठरलेला क्रम होता. बॉम जेझुसमध्ये गेल्यावर सगळ्यांच्या माना वर जात. सेंट झेवियरचे शव ठेवलेली चांदीची पेटी तिथे उंचावर आहे, आणि प्रत्येकाला त्या पेटीच्या काचेतून काहीतरी दिसावे अशी आशा असे. मी लहान असल्यामुळे मला वरचे काही दिसत नसे. माझ्या डोळ्यांसमोर येई तो खालचा चौथरा, म्हणजे निरनिराळ्या रंगांचे दगड एकमेकांत इतके बेमालूम बसवलेले की बोट फिरवले तरी सांधा लागू नये, आणि त्यांत काशाच्या पट्टिकांवर उठावात कोरलेली माणसे. वडिलांनी सांगितले की वरची पेटी गोव्याच्या कारागिरांनी घडवली आणि खालचे काम इटलीतून आले. पुढे मी वाचले की तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने ते भेट म्हणून पाठवले होते, जोव्हान्नी बत्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने ते फ्लोरेन्समध्ये घडवले होते, आणि सुटे भाग जहाजाने आणून 1698 मध्ये ते इथे उभारण्यात आले. त्या वयात मला एवढेच कळले होते की कुठेतरी अशी एक जागा आहे जिथली माणसे दगडाला कापडासारखे बेतू शकतात. त्या जागी जायचे, हे तेव्हाच ठरून गेले.

प्रत्यक्ष जाण्याची वेळ आली ती नोकरी लागून बरीच वर्षे झाल्यावर. फ्लोरेन्समध्ये पहिल्या सकाळी मी उफिझीचे चित्रसंग्रहालय सोडून काशिनेच्या बागेकडे निघाले. आर्नो नदीच्या काठाने काही किलोमीटर लांब पसरलेली ही बाग आहे. गावातले लोक तिथे धावायला येतात, मंगळवारी तिथे मोठा बाजार भरतो, परदेशी पाहुणा मात्र क्वचितच दिसतो. बाजार मागे पडला, मग माणसेही मागे पडली, आणि अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते, तिथे झाडांमध्ये एक छत्री दिसली. चार खांब, वर नक्षीदार घुमट, आत एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा, डोक्यावर फेटा, गळ्यात मोत्यांच्या माळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. 1870 मध्ये इंग्लंडहून परत येताना फ्लोरेन्समध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस होते. दोन नद्यांच्या संगमावर दहन व्हावे ही सोबतच्या मंडळींची विनंती शहराने मान्य केली आणि ज्या शहराने असा विधी कधी पाहिला नव्हता, त्या शहराच्या वेशीवर चिता रचली गेली. छत्री 1874 मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा, आणि याच मँटने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा रचला. म्हणजे ज्या राजवाड्याच्या घड्याळाकडे पाहून मी शाळेची वेळ जुळवत असे, त्याच्या हाताची रेघ मला त्या धुक्यातल्या बागेत भेटत होती.

पुढे 1970 च्या दशकात जवळच आर्नोवर मोटारींसाठी जो मोठा पूल बांधला गेला, त्याला नाव मिळाले पोन्ते आल्लिंदियानो, भारतीयाचा पूल. रोज त्यावरून जाणाऱ्या हजारो लोकांना तो भारतीय कोण हे कदाचित ठाऊक नसेल, पण नाव मात्र त्यांच्या तोंडी आहे. त्या सकाळी मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत आले, त्यांनी माझ्याकडे आणि पुतळ्याकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, “तुमचे कोणी होते का?” मी हो म्हटले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि क्षणभर उभे राहून पुढे गेले. मला वाटते, इटलीवर माझा खरा जीव जडला तो त्या टोपी काढण्याने. विशीत परक्या देशात गेलेल्या एका मुलाचा पुतळा दीडशे वर्षे आपल्या बागेच्या टोकाला सांभाळायचा आणि त्याच्या परदेशी नातलगासमोर टोपी काढायची, हे ज्यांना सहज जमते, त्यांच्या देशात केवळ चित्रे बघून परत येणे मला अपुरे वाटू लागले.

रोमबद्दल, व्हेनिसबद्दल मी इथे लिहिणार नाही. ती शहरे थोर आहेत आणि त्यांच्याबद्दल मराठीतही भरपूर लिहिले गेले आहे.

मी दक्षिणेकडे वळले. इटलीच्या टाचेला सालेन्तो म्हणतात. लेच्चेपर्यंत मोठी गाडी जाते, तिथून पुढे लहान गाडीने माल्येला उतरायचे आणि आणखी लहान गाडीत बसून ओत्रांतोला पोहोचायचे. सुरुवातीच्या वर्षांत ही गाडी ऑलिव्हच्या रानातून जात असे. ती झाडे किती जुनी असतील याचा अंदाज करणेही कठीण होते. पीळ पडलेली, पोटात पोकळी झालेली, दोन माणसांच्या कवेत न मावणारी खोडे आणि वर चंदेरी पाने. अलीकडे हीच वाट करड्या सांगाड्यांमधून जाते. 2013 मध्ये गाल्लिपोलीजवळ झायलेल्ला नावाच्या जिवाणूची लागण लक्षात आली. एक लहानसा तुडतुडा तो झाडाझाडांवर पसरवतो, झाडाच्या आतल्या पाण्याच्या वाटा बंद होतात आणि झाड उभ्याउभ्या वाळते. लाखो झाडे गेली. गेल्या खेपेला माझ्यासमोर बसलेला शेतकरी खिडकीबाहेर बघत नव्हता, तो मांडीवरच्या पिशवीकडे बघत बसला होता. पिशवीत रोगाला दाद न देणाऱ्या नव्या जातीची रोपे होती. त्याला माझ्या तोडक्या इटालियनमध्ये मी विचारले की यांना फळ कधी धरेल. तो म्हणाला, तीन-चार वर्षांत धरेल, पण सावली माझ्या नातवाला मिळेल.

ओत्रांतोच्या कॅथेड्रलमध्ये पाऊल ठेवले की आधी छताकडे बघायचे हे माणसाच्या सवयीचे असते. इथे मात्र खाली बघावे लागते. दारापासून वेदीपर्यंत सगळी जमीन म्हणजे एकच मोझेइक आहे. 1163 ते 1165 या काळात पान्तालेओने नावाच्या एका मठवासी साधूने ते रचले. मधोमध एक प्रचंड झाड दारापासून वर चढत जाते आणि त्याच्या फांद्यांमध्ये सगळे जग बसलेले आहे. नोहाची नौका आहे, बाबेलचा मनोरा आहे, बारा महिन्यांची बारा कामे करणारे शेतकरी आहेत, सिकंदर आहे, राजा आर्थर आहे, आणि ज्यांना नावे नाहीत असे कितीतरी प्राणी आहेत. या झाडाचा बुंधा ज्यांच्या पाठीवर उभा आहे ते दोन हत्ती आहेत. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा नकळत चप्पल काढायला वाकले. ज्याने ते रचले त्याने आयुष्यात हत्ती पाहिला होता की नाही हे सांगता येत नाही. कान जरा लहान झाले आहेत आणि पाय बैलाचे वाटतात, पण ओझे पेलण्याचा भाव अचूक आहे. जगाचे झाड कोणाच्या तरी पाठीवर उभे असायला हवे, आणि ती पाठ हत्तीची असावी, हे त्या साधूला इतक्या दूर, समुद्राकाठच्या या गावात कसे सुचले असेल, या विचारात मी तिथे सबंध दुपार घालवली आहे. दुपारी चर्च बंद होते, तेव्हा बाहेरच्या पायरीवर बसून पुन्हा उघडण्याची वाट पाहिली आहे.

याच चर्चच्या उजव्या बाजूच्या दालनात काचेमागे माणसांच्या कवट्या आणि हाडे रचून ठेवलेली आहेत. 1480 मध्ये उस्मानी सैन्याने ओत्रांतो जिंकले, तेव्हा सुमारे 800 पुरुषांचा गावाबाहेरच्या टेकडीवर शिरच्छेद झाला, त्यांचे हे अवशेष. आनंदाने ओसंडणारी ती जमीन आणि ही काच यांच्यात काही पावलांचे अंतर आहे. गावातल्या बायका बाजाराची पिशवी हातात घेऊन आत येतात, काचेसमोर थांबतात, ओठ हलवतात आणि जाताना हत्तींना वळसा घालून जातात. मला दोन्हींकडे एकाच भेटीत नीट बघता येत नाही. एका दिवशी हत्ती, दुसऱ्या दिवशी ती काच, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

मी जिच्या घरी उतरते ती बाई विधवा आहे, सत्तरीच्या पुढची. तिने पहिल्या भेटीत मला विचारले होते की तू नोव्हेंबरमध्ये का आलीस, समुद्रात कोणी उतरत नाही, अर्धी दुकाने बंद आहेत. मी म्हटले, मला सुट्टी याच दिवसांत मिळते. तेव्हा ती म्हणाली, “मग दरवर्षी हिवाळ्यातच ये. हिवाळ्यात आम्ही इथे असतो.” या वाक्याचा अर्थ मला नंतर उमगला. जुलै-ऑगस्टमध्ये ती आपले घर पाहुण्यांना भाड्याने देते आणि स्वतः आतल्या गावी बहिणीकडे जाऊन राहते. तिच्या गल्लीत जवळजवळ सगळेच असे करतात. म्हणजे उन्हाळ्यात जे लाखो लोक ओत्रांतो पाहतात, त्यांना ओत्रांतोकर भेटतच नाहीत. हिवाळ्यात मात्र संध्याकाळी पाचला झडपा उघडतात, ऑलिव्हच्या लाकडाचा धूर गल्लीत उतरतो, समुद्राचा खारा वारा त्यात मिसळतो, आणि तटबंदीवरून सगळे गाव फेरी मारते. त्याच त्या माणसांना रोज त्याच त्या जागी नमस्कार होतात. हवा स्वच्छ असेल तर समुद्रापलीकडे अल्बानियाचे डोंगर दिसतात, आणि ते दिसले की प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो, जणू दुसऱ्याला ते दिसलेच नसावेत. तिच्याकडे रात्री वाळवलेल्या बाकल्याचे दाट घोटलेले वरण आणि शेजारी कडवट चिकोरीची परतलेली भाजी असते, वरून कच्चे ऑलिव्ह तेल. पहिला घास घेतला तेव्हा मला आजीच्या हातच्या हुलग्याच्या पिठल्याची आठवण झाली. गरिबीने शिकवलेले अन्न असे दूरदूरच्या देशांतही एकमेकांना ओळखते. तिला हे सांगितल्यावर तिने पिठल्याची कृती विचारून घेतली आणि हुलगे कुठे मिळतील याची चौकशी ती अजून करते आहे.

मातेराबद्दल माझे मन अजून एका जागी ठरलेले नाही. बारीहून अरुंद रुळांची गाडी तिथे जाते. गावाच्या वरच्या भागातून कठड्यापाशी आले की खालचे सास्सी एकदम समोर येतात, म्हणजे दरीच्या उतारावर डोंगर कोरून केलेली घरे. एकाचे छत म्हणजे दुसऱ्याची वाट. त्या घरांमध्ये माणसे आणि खेचरे एकाच खोलीत राहत असत. पावसाचा प्रत्येक थेंब खडकात कोरलेल्या हौदांत उतरवलेला असे आणि अंगणाभोवतीच्या घरांची विहीर एक असे. सामाईक भट्टीत भाजायला जाणाऱ्या पावांवर प्रत्येक घर आपला कोरीव लाकडी शिक्का उठवत असे, म्हणजे कोणाचा पाव कोणाच्या घरी जाऊ नये. हे शिक्के आता दुकानांत मिळतात. मला मात्र त्यांच्याकडे पाहिले की भट्टीसमोर पहाटे उभ्या असलेल्या मुली दिसतात. कार्लो लेव्ही हे तुरिनचे चित्रकार आणि डॉक्टर. फॅसिस्ट सरकारने 1935 मध्ये त्यांना या प्रांतात, आधी ग्रास्सानो आणि मग आलियानो इथे, हद्दपार करून ठेवले. त्यांचे पुस्तक 1945 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मलेरियाने पिवळी पडलेली, डोळे आलेली इथली मुले सगळ्या देशाच्या नजरेसमोर आली. मातेराला राष्ट्राची लाज म्हटले गेले. 1952 मध्ये कायदा झाला आणि सुमारे 15,000 माणसांना वरच्या बाजूच्या नव्या वस्त्यांमध्ये हलवण्यात आले. सास्सी ओस पडले. 1993 मध्ये त्याच ओसाड गुहांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले, आणि 2019 मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

आज त्या गुहांमध्ये हॉटेले आहेत, आणि जिथे खेचर बांधले जाई तिथे पाहुण्यांसाठी न्हाणीघर आहे. मी स्वतः अशा एका गुहेत राहिले आहे. दगडाचा थंड, ओलसर, चुन्यासारखा वास, भिंतीवरच्या टाकीचे घाव, आणि अंधारात झोप न येता मनात येत राहिलेला एकच विचार, की याच खोलीत किती मुले तापाने गेली असतील. सकाळी न्याहारी वाढणाऱ्या तरुणीला मी भीतभीतच विचारले की हे तुला कसे वाटते. तिची आजी याच उतारावर जन्मली होती. ती म्हणाली की आजीला इथून निघताना रडू आले होते आणि पुन्हा येऊन राहा म्हटले असते तर ती आली नसती. “मी मिलानमध्ये नोकरी शोधत होते, आता आजीच्या गल्लीत नोकरी करते,” असेही ती म्हणाली. हे ऐकल्यावर हॉटेलांविषयीचा माझा राग बराच निवळला, सगळा निवळला असे म्हणवत नाही. लेव्ही हद्दपारीत ज्या गावी शेवटी राहिले आणि जिथे स्वतःच्या इच्छेने पुरले गेले, ते आलियानो पाहिल्यावर तर आणखी गोंधळ होतो. चिकणमातीच्या पांढुरक्या घळींच्या टोकावर ते गाव बसले आहे. तिथे एसटीसारखी गाडी दिवसातून मोजक्या वेळाच येते. शाळेच्या सुट्टीत मुलांचा जो आवाज व्हायला हवा तो होत नाही. चौकातल्या म्हाताऱ्यांनी मला बाकावर जागा करून दिली, कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत, आणि दोघांनी वेगवेगळे मला विचारले की तुमच्याकडून आणखी कोणी येणार आहे का.

या प्रश्नासमोर मला चिविता दी बान्योरेज्यो आठवते. तूफ दगडाच्या कड्यावर उभे असलेले हे गाव, खालची माती पावसाने झिजत जाते आणि कडा ढासळत राहतो. संत बोनाव्हेंतुरा जिथे लहानाचे मोठे झाले ते घर कधीच दरीत गेले. एका पादचारी पुलाखेरीज तिथे जाण्याची दुसरी वाट नाही. मी प्रथम गेले तेव्हा पुलावर मी आणि एक मांजर एवढेच होतो. कायम राहणारी माणसे तिथे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि 2013 पासून गावात शिरायला तिकीट आहे. त्या तिकिटाच्या पैशाने गाव सावरायला मदत होते हे खरे आहे, आणि दिवसभर त्या एका गल्लीत माणसांचा लोंढा वाहतो हेही खरे आहे. व्हेनिसच्या मूळ बेटांवर 1951 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते, 2022 मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. तिथून बोटीने तासाभरावर असलेल्या तोर्चेल्लोवर, जिथे एकेकाळी हजारो लोक नांदले, आता काही घरेच उरली आहेत, आणि सोनेरी पार्श्वभूमीवर एकटी उभी असलेली मोझेइकमधली मेरी त्या रिकाम्या बेटाकडे बघते आहे. तोर्चेल्लो मलेरियाने आणि गाळाने रिकामे केले, व्हेनिस आम्ही, म्हणजे व्हेनिसवर प्रेम करणारे, रिकामे करतो आहोत. चिविताचे तिकीट, ओत्रांतोच्या बाईचा उन्हाळा आणि आलियानोच्या बाकावरचा प्रश्न, हे सगळे माझ्या वहीतल्या त्या पाच नावांमागे उभे होते.

अखेर मी यादी पाठवली नाही, पत्र पाठवले. त्यात एकच नाव लिहिले. चार दिवस मोकळे आहेत ना, मग चारही रात्री ओत्रांतोला राहा. तुम्ही नोव्हेंबरात निघाला आहात हे फार चांगले. सकाळी हत्ती बघा, दुपारी सगळे गाव झोपते तेव्हा तुम्हीही झोपा, संध्याकाळी तटबंदीवर फेरी मारा, आणि तिसऱ्या संध्याकाळी कोणी ना कोणी तुम्हाला ओळखून मान हलवेल. काही विकत घ्यायचे तर तेल घ्या. त्या बाईचा पत्ता दिला, आणि तिच्यासाठी हुलग्याची एक पिशवी माझ्याकडून घेऊन जा असेही लिहिले. मुलीचे उत्तर आले की चार दिवस एकाच ठिकाणी म्हणजे जरा जास्त होत नाहीत का, पण हुलगे ती नेणार आहे. माझ्या मनाला एवढ्याने स्वस्थता आली. आलियानोचे नाव मी पुढच्या पत्रासाठी ठेवले आहे. त्या म्हाताऱ्यांना मी कोणीतरी पाठवेन असे सांगून आले आहे आणि ते मला पाळायचे आहे.

दोन ठिकाणे मात्र मी पत्रातही लिहिली नसती, कारण तिथे पाहण्यासाठी जवळजवळ काही नाही. त्यांतले एक उंब्रियामधले मोंतोने. टेकडीवरचे नेटके, फुलांच्या कुंड्या सांभाळणारे गाव, खाली टायबर नदीचे वरचे खोरे. याच खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीतले सगळे साथीदार पडल्यावर एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्यावर त्यांनी ती उलटी धरून वार केले आणि मोर्चा घेतला. मग लपून बसलेल्या बंदुकधाऱ्यांच्या गोळीने ते गेले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याला ज्ञात कबर किंवा समाधी नाही, कास्सिनोच्या स्मारकावर नाव आहे. मोंतोनेने 2023 मध्ये त्याच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. तिथे उभे राहिल्यावर शाळेत ऐकलेली ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ ही दोन शब्दांची कीर्ती बाजूला पडली आणि मला प्रथमच त्या उताराची चढण दिसली. कोकणातून आलेल्या मुलाला जुलैतली ही कोरडी, पाऊस नसलेली टेकडी किती परकी वाटली असेल, हेही तिथेच पहिल्यांदा मनात आले.

दुसरे ठिकाण सेनिओ नदी. रोमान्याच्या सपाट मैदानात, फोर्लीच्या पुढे, पीच आणि द्राक्षांच्या बागांमधून ही अरुंद नदी जाते, आणि तिच्या दोन्ही काठांना घराएवढे उंच मातीचे बांध आहेत. फोर्लीत भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचे दहन झाले त्यांची नावे कोरलेले स्मारक आहे. ती नावे वाचत गेले की आपली आडनावे एकामागून एक भेटतात. तिथून मी सेनिओच्या बांधावर गेले तो एप्रिलमधला एक रविवार होता. 1944-45 चा सगळा हिवाळा युद्धाची आघाडी या नदीवर अडून राहिली होती. 9 एप्रिल 1945 रोजी नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी सुरुंग पेरलेल्या काठावरून आणि खोल पाण्यातून दोन जखमी साथीदारांना एकेक करून पलीकडे सुरक्षित नेले. मग ते परत फिरले आणि मशीनगनचे तीन मोर्चे एकट्याने उद्ध्वस्त केले. हाताला गोळी लागल्यामुळे बंदूक धरता येईना, तेव्हा त्यांनी हातगोळे वापरले. शेवटी ते बांधाच्या माथ्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धघोषणा देत त्यांनी मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. ते जगले, गावी परतले आणि 1984 पर्यंत होते.

बांधाखालच्या बागेत एक मध्यमवयीन शेतकरी झाडांच्या फांद्या बांधत होता. तो वर आला आणि मी काय शोधते आहे असे त्याने विचारले. मी सांगितले. तो म्हणाला की त्याच्या आजीने तो हिवाळा याच घराच्या तळघरात काढला होता, आणि भारतीय सैनिक आल्यावर ती वर आली होती. ती नेहमी सांगायची की त्या दिवशी बांधावरून कोणीतरी काहीतरी ओरडत होते, शब्द तिला कळले नाहीत, पण आवाज ऐकून तिला वाटले की आता संपले. ते शब्द कोणते असतील, असे त्याने मला विचारले. मी आधी हळू म्हटले. तो म्हणाला, असे नाही, ती माणसे ओरडत होती. मग मी बांधाच्या माथ्यावर उभी राहिले आणि पोटातून आवाज काढून म्हटले, “बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय!” बागेतला त्याचा मुलगा कात्री खाली ठेवून बघू लागला. शेतकऱ्याने ते शब्द माझ्याकडून तीन-चार वेळा म्हणवून घेतले, स्वतः म्हणून पाहिले, ‘छत्रपती’पाशी अडखळला, आणि पुन्हा म्हटले. मग त्याने मला सांगितले की रविवारी इथून बस नसते, आणि तो ट्रॅक्टर घरी लावून मोटार घेऊन आला. स्टेशनपर्यंतच्या वाटेत त्याचा मुलगा मागच्या आसनावर बसून तीच घोषणा पाठ करत होता.